थरथरलेला हात

देवरीचे रामचंद्र राव हे सागरकडच्या मराठी जहागीरदारांपैकी एक. लोक त्यांना ‘सरीमंत’ म्हणून ओळखत. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याशी त्यांचा चांगला स्नेह होता. ठगांच्या बंदोबस्तामुळे स्लीमनचं नाव जबलपूरशी कायमचं जोडलं गेलं. नोव्हेंबर १८३५ मध्ये तो जबलपूरहून उत्तरेकडे लांबच्या प्रवासाला निघाला, आणि त्या प्रवासाचं त्याचं पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वाघ झालेल्या माणसांवर एक अख्खं प्रकरण आहे. सरीमंतांनी सांगितलेली हकीकत त्याच प्रकरणातली.

सरीमंत तान्हे असताना त्यांच्या वडिलांच्या घरी रघू नावाचा धोबी होता. वाघ झाल्यावर माणसाला आतून काय वाटत असेल, हे जाणून घेण्याची त्याला अनावर इच्छा झाली. जंगलात दोन मुळ्या मिळतात, एक खाल्ली की माणसाचा वाघ होतो आणि दुसरी खाल्ली की वाघाचा पुन्हा माणूस, अशी त्या मुलखात पक्की समजूत होती. रघूने दोन्ही मुळ्या आणल्या. एक बायकोच्या हातात दिली आणि बजावून सांगितलं, की माझा वाघ झाला रे झाला की ही माझ्या तोंडात कोंब. बायको कबूल झाली. रघूने आपली मुळी खाल्ली आणि त्याच क्षणी समोर वाघ उभा राहिला. बायको इतकी घाबरली की हातातल्या मुळीसकट पळत सुटली. रघू रानात गेला, आजूबाजूच्या गावांतल्या आपल्याच ओळखीच्या कितीतरी माणसांना त्याने खाल्लं, आणि शेवटी गोळी लागून मेला. त्याला शेपूट नव्हतं, म्हणून तो रघू हे ओळखू आलं. बिनशेपटीचा वाघ दिसला की समजावं, मुळी खाल्लेला कोणी अभागी माणूस आहे, असं सरीमंतांचं ठाम मत होतं. सागर शहराच्या तीस हजार वस्तीत या गोष्टीवर शंका घेणारा एकही माणूस सापडणार नाही, असं स्लीमनने नोंदवून ठेवलं आहे.

माणूस आणि जनावर यांच्या प्रेमाच्या, लग्नाच्या गोष्टी जगभर आहेत. त्यांवर लिहिताना बहुतेक लेखक परदेशातल्या राजवाड्यापासून सुरुवात करतात. मला ती रघूच्या अंगणापासून करावीशी वाटते, कारण एरवी दागिन्यांखाली झाकली जाणारी या गोष्टींची मूळ घडण इथे उघडी दिसते. एक जनावर आहे. त्याच्यासमोर त्याचं सगळ्यात जवळचं माणूस उभं आहे आणि त्या माणसाच्या हातात काहीतरी आहे. पुढे काय होणार, हे तो हात स्थिर राहतो की थरथरतो यावर ठरतं.

याच प्रकरणात मैहरच्या राजाने सांगितलेली दुसरी गोष्ट आहे. जबलपूर-मिर्झापूर रस्त्यावर कटऱ्याच्या घाटात वाघांनी बरीच माणसं मारली होती. राजाचं म्हणणं असं, की हे साधे वाघ नव्हेत, विद्येच्या जोरावर वाघ झालेली माणसं आहेत. मैहरच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या देवळाच्या महंताला ही विद्या येत होती. त्याचा वाघ झाला की शिष्य त्याच्या गळ्यात एक माळ टाकायचा आणि तो पुन्हा माणूस व्हायचा. जुने शिष्य तीर्थयात्रेला निघून गेले. खूप वर्षांनी महंताला पुन्हा वाघ व्हावंसं वाटलं, तेव्हा त्याने एका नव्या शिष्याच्या हाती माळ दिली. शिष्याने न घाबरण्याचं वचनही दिलं. पण पहिली डरकाळी फुटली तसा तो तोंडावर पडला आणि माळ हातातून सुटली. वाघ त्याच्यावरून उडी मारून बाहेर गेला आणि पुढे कित्येक वर्षं त्या वाटांवर माणसं मारत राहिला.

दोन्ही गोष्टींचा सांगाडा एकच, पण सांगणाऱ्याची नजर वेगळी. महंताकडे ‘विद्या’ आहे आणि धोब्याकडे मात्र दारूचं व्यसन. सरीमंतांनी रघूची ओळखच दारुडा म्हणून करून दिली आहे, वर सगळे धोबी तसेच असतात असंही सुनावलं आहे. मालकाच्या ओसरीवर सांगितलेली गोष्ट आहे ती. रघूच्या वस्तीत ती कशी सांगितली जात असेल, रघूची बायको त्यानंतर कुठे गेली, तिने ती मुळी टाकली की जपून ठेवली, हे कोणी विचारलं नाही आणि म्हणून कोणी लिहिलंही नाही. तिचं नावसुद्धा पुस्तकात नाही.

आता युरोपातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट घेऊ. ‘सुंदरी आणि पशू’ ही कथा मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये फ्रेंचमध्ये भल्या मोठ्या विस्ताराने लिहिली. १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ यांनी ती छाटून मुलींसाठी छोटी केली, आणि आज जग ओळखतं ती हीच. बोमाँबाई लंडनमध्ये चांगल्या घरच्या मुलींना शिकवत. त्या मुलींपुढे काय वाढून ठेवलं होतं? वडिलांनी ठरवलेला, बहुधा वयाने मोठा, पूर्ण अनोळखी नवरा. कथेतली सुंदरीही वडिलांच्या चुकीची भरपाई म्हणूनच पशूच्या घरी जाते. पशू तिला रोज रात्री लग्नाचं विचारतो आणि ती रोज नाही म्हणते. शेवटी तो मरायला टेकल्यावर तिला त्याच्याविषयी प्रेम वाटतं, ती होकार देते आणि पशूच्या जागी राजपुत्र उभा राहतो. थोडक्यात, भीती गिळून टाक, पलीकडे माणूस निघेल, हा मुलींना दिलेला दिलासा होता. तो नेहमीच खरा ठरत नसणार, हे बोमाँबाईंनाही ठाऊक असलं पाहिजे. त्यांचं स्वतःचं लग्न सुखाचं झालं नव्हतं.

या कथाकुळाचं वय मोठं आहे. सारा ग्रासा दा सिल्वा आणि जमशीद तेहरानी या अभ्यासकांनी २०१६ मध्ये भाषांच्या वंशवृक्षाशी लोककथांची सांगड घालून पाहिली. त्यांच्या मते ‘सुंदरी आणि पशू’च्या कुळातल्या गोष्टी काही हजार वर्षं जुन्या असाव्यात. या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि आकडा कमीजास्त होईल. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपुलियसने लॅटिनमध्ये लिहिलेली सायकीची गोष्ट तर आपल्या हातातच आहे. सायकीचा नवरा फक्त अंधारात भेटतो. तो भयंकर साप आहे, असं बहिणी तिच्या मनात भरवतात. एका रात्री ती एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात वस्तरा घेऊन त्याला पाहायला जाते. समोर साप नसतो, खुद्द प्रेमाचा देव झोपलेला असतो. तिचा हात कापतो, दिव्यातलं तापलेलं तेल त्याच्या खांद्यावर पडतं, तो जागा होतो आणि उडून जातो.

आपल्याकडे पंचतंत्राच्या पूर्णभद्राच्या पाठात सापाशी लग्न झालेल्या मुलीची गोष्ट आहे. ब्राह्मणाच्या पोटी साप जन्मतो, आई त्याला मायेने वाढवते, आणि बाप दूरदेशी जाऊन त्याच्यासाठी मुलगी पक्की करून येतो. मुलीला लोक परोपरीने सांगतात, की हे लग्न करू नकोस. ती वडिलांच्या शब्दाला जागते आणि सापाची सेवा करते. एका रात्री साप कात टाकून पुरुष होतो. पहाटे बाप ती कात पेटवून देतो आणि मुलगा कायमचा माणूस होतो. इथे हात मुलीचा नाही, सासऱ्याचा आहे, आणि तो थरथरत नाही.

बाई जनावर असेल तर मात्र सगळं उलटं फिरतं. शतपथ ब्राह्मणात उर्वशी पुरूरव्याला अट घालते, की तुला मी नग्न पाहता कामा नये. गंधर्व तिची कोकरं पळवतात, राजा तसाच उठून धावतो, वीज चमकते आणि उर्वशी नाहीशी होते. पुढे ती त्याला सरोवरात सख्यांसोबत पक्षिणीच्या रूपात सापडते, पण संसाराला परत येत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सीलचं कातडं लपवून ठेवून कोळी सीलबाईला बायको करतो. कातडं सापडलं की ती मुलंबाळं टाकून समुद्रात शिरते. जपानमध्ये करकोचा बाई होऊन येतो आणि नवऱ्याने चोरून पाहिलं की उडून जातो. पुरुष जनावर असला की त्याचं कातडं जाळून त्याला सोडवायचं आणि बाई जनावर असली की तिचं कातडं पेटीत कुलूपबंद करून तिला अडकवायचं, हा भेद गोष्ट सांगणाऱ्यांना कधी खटकलेला दिसत नाही. मला तो फार खटकतो. पुरुषासाठी जनावर असणं हा शाप आणि बाईसाठी ते तिचं खरं घर, हे इतक्या लांबलांबच्या समाजांनी इतक्या सहज गृहीत धरलं, याचा अर्थ बाईचं सासर हे तिचं घर नाही, ही गोष्ट सगळ्यांना आतून माहीत होती.

इथे आपल्या मराठी घरांतली श्रावणातली कहाणी फार वेगळं काहीतरी करते.

स्लीमनच्या जबलपुरातली मराठी वस्ती जुनी. या भागावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि नंतरही नोकरीधंद्यासाठी माणसं येत राहिली. राइट टाउन, गोलबाजार, नेपियर टाउन या भागांतल्या मराठी घरांमध्ये नागपंचमी पाळली जाते ती महाराष्ट्रातल्यासारखीच. आदल्या दिवशी बायका भावाचा उपास करतात. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. पाटावर चंदनाने किंवा हळदीने नाग काढायचे, लाह्या आणि दूध ठेवायचं आणि चातुर्मासाच्या पोथीतली कहाणी वाचायची. बाहेरच्या गल्लीत हिंदी, बुंदेली ऐकू येत असली तरी पाटासमोरची भाषा कहाणीचीच.

कहाणीतल्या ब्राह्मणाच्या सगळ्या सुना श्रावणात कोणी माहेरी, कोणी आजोळी गेल्या आहेत. धाकटीला कोणीच नाही. ती मनाशी म्हणते, माझा नागोबा येईल न्यायला. शेषाला तिची दया येते. तो माणसाच्या वेषात येतो, ती त्याला मामा म्हणते आणि तो तिला वारुळात घेऊन जातो. तिथे नागीण बाळंत होते. दिवा धरायचं काम पाहुणीकडे येतं. पिल्लं वळवळायला लागतात, ही घाबरते, हातातला दिवा खाली पडतो आणि पिल्लांची शेपटं भाजतात.

सायकीच्या दिव्याचं तेल आणि हा दिवा आमनेसामने ठेवून पाहावेत. तोच अंधार, तोच साप, तीच घाबरलेली पोर आणि हातातून निसटलेली तीच आग. पण सायकीचा नवरा उडून जातो आणि तिला वणवण करावी लागते. कहाणीतली नागीण रागावते खरी, पण नाग तिची समजूत घालतो, आणि पोरीला धनदौलत देऊन सासरी पोहोचवलं जातं. आखूड शेपटांची पिल्लं मोठी होतात, सूड घ्यायला तिच्या घरी येतात. ती तर पाटावर नाग काढून, लाह्या-दूध ठेवून, माझे भाऊ असतील तिथे सुखी असोत म्हणून हात जोडून बसलेली. पिल्लांचा राग तिथेच विरतो. ती दूध पितात, नवरत्नांचा हार ठेवून निघून जातात.

इतक्या गोष्टींमध्ये थरथरलेल्या हाताला मनापासून क्षमा करणारी मला ही एकच ठाऊक आहे. असं का झालं असावं? माझं उत्तर सरळ आहे. ही कहाणी सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बायकांची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी झालेली असत. नवरा कसा का असेना, तो मिळालेलाच होता. त्याला पशूतून माणूस करण्याचं स्वप्न पाहण्याची सोय नव्हती. उणीव होती ती माहेराची. म्हणून फ्रेंच मुलीच्या गोष्टीत पशू नवरा होऊन येतो, तर मराठी सुनेच्या गोष्टीत नाग मामा होऊन येतो आणि त्याची पोरं भाऊ होतात. नवऱ्यासमोर हात थरथरला तर संसार मोडतो. भावाच्या घरी दिवा पडला तर बोलणी बसतात, पण दार बंद होत नाही. जनावर सासरच्या बाजूला उभं आहे की माहेरच्या, यावर गोष्टीचा सगळा न्याय बदलतो.

याचा अर्थ मराठी मुलखात जनावर नवऱ्याची गोष्ट नव्हतीच, असा नाही. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने आपली आया अ‍ॅना लिबरेटा डिसूझा हिच्याकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी १८६८ मध्ये छापल्या. अ‍ॅना गोव्याकडच्या ख्रिस्ती घराण्यातली होती आणि गोष्टी तिला आजीकडून मिळाल्या होत्या. त्यांत मच्छीराजाची गोष्ट आहे. राणीने पाळलेला मासा तळ्यात वाढून अजस्र होतो आणि राणी त्याच्यासाठी बायको शोधते. पैशांच्या लोभाने एक बाई आपली सावत्र मुलगी देऊन टाकते. नदीकाठी रडत बसलेल्या त्या मुलीला सात फण्यांचा नाग तीन खडे देतो आणि सांगतो, की मासा खायला आला की हे एकामागून एक त्याला मार. मासा जबडा उघडून येतो, मुलगी खडे मारते आणि माशाचा राजपुत्र होतो. मासा नवरा आहे, पण तिला वाचवणारा नाग इथेही माहेरच्या माणसाच्या जागीच आहे. आणि हिचा हात थरथरत नाही, कारण तो एकटा नाही.

भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र चुकून दिसला की ऐकायची स्यमंतक मण्याची गोष्टही याच कुळात मोडते. कृष्णावर चोरीचा आळ येतो, तो मण्याच्या शोधात अस्वलांचा राजा जांबवान याच्या गुहेत शिरतो, भागवताच्या हिशेबाने अठ्ठावीस दिवस कुस्ती होते आणि शेवटी जांबवान मणी आणि मुलगी दोन्ही देतो. जांबवती दिसायला कशी होती, हा प्रश्न घराघरांत ही गोष्ट ऐकणाऱ्या कोणालाच पडत नाही. कृष्ण अस्वलाचा जावई आहे, एवढं पुरे असतं.

जबलपूरच्या पूर्वेला मंडला आणि डिंडोरीच्या डोंगरांत वाघ ही ऐकीव वस्तू नाही. आज कान्हाला जाणारे पर्यटक डुमना विमानतळावर उतरून थेट रिसॉर्टकडे जातात. पण इथल्या बैगा आदिवासींचं वाघाशी नातं त्याहून फार जुनं आहे. बैगा पुजाऱ्याला वाघ बांधता येतो, अशी सगळ्या मुलखाची श्रद्धा होती. वाघाने माणूस मारला की काय करायचं, याचा विधी रसेल आणि कटनीचे रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदवलेला आहे. जागेवरची रक्ताळलेली माती घेऊन बैगा तिचा शंकूसारखा गोळा करतो. तो गोळा म्हणजे मेलेला माणूस किंवा त्याचा जिवंत नातेवाईक. बाकीचे मागे सरतात. मग पुजारी गुडघे आणि हात टेकून वाघ होतो, गुरगुरतो, गोळा दातांत पकडतो. तेवढ्यात एकजण पुढे धावत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारतो. पुजारी गोळा सोडतो आणि तो गोळा वारुळात नेऊन ठेवतात.

मला हा विधी वाचताना मैहरचा शिष्य आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे डरकाळीने माळ गळून पडली. इथे वाघ झालेल्या माणसाच्या पाठीवर कोणीतरी धावत जाऊन हात ठेवतो, आणि हे प्रत्येक वेळी घडतं, कारण गावाने तसं ठरवलेलं आहे. वाघ शेजारी असणाऱ्यांना भीतीवर उपाय एकट्यादुकट्याच्या प्रेमावर सोडून चालत नाही. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन १९३२ मध्ये याच डोंगरांतल्या करंजियाला येऊन राहिला. त्याचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी त्याच्यासोबत या डोंगरांत अनेक वर्षं काढली. एल्विनचा महाकोशलच्या लोककथांचा संग्रह १९४४ चा. पुढे लोककथेच्या अभ्यासाला मराठीत शिस्त लावणाऱ्या दुर्गाबाई भागवतही मध्य प्रदेशच्या आदिवासी भागात फिरल्या. या मंडळींनी कथा टिपल्या त्या माणसांत राहून, आणि म्हणूनच त्यांच्या पानांतलं जनावर कधी शोभेचं होत नाही.

आधुनिक कल्पनाकथेत ते फार लवकर शोभेचं होतं. कॉलीन हूक या अमेरिकन लेखिकेची ‘टायगर्स कर्स’ ही कादंबरी २०११ मध्ये प्रकाशनसंस्थेतर्फे आली आणि किशोरवयीन मुलींमध्ये तुफान वाचली गेली. ओरेगॉनची केल्सी सर्कशीत काम करते, तिथला पांढरा वाघ हा शापित भारतीय राजपुत्र निघतो. त्याला दिवसातून चोवीस मिनिटं माणूस होता येतं. निळ्या डोळ्यांचा, सभ्य, बायकोसारखी मैत्रीण शोधणारा हा वाघ पाहताना मला रीवाचा मोहन आठवतो. १९५१ मध्ये महाराजा मार्तंडसिंहांनी पकडलेला तो पांढरा बछडा गोविंदगडच्या महालात वाढला. पांढरी पिल्लं मिळावीत म्हणून त्याचं मीलन त्याच्याच मुलीशी, राधाशी, घडवण्यात आलं, आणि १९५८ मध्ये तशी पिल्लं झाली. जगभरच्या सर्कशी आणि प्राणिसंग्रहालयांतल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा वंश मोहनपाशी पोहोचतो, आणि त्यांची बरीच दुखणी ही याच जवळच्या नात्यातल्या प्रजननाची देणगी आहे. कादंबरीतला शाप एका मांत्रिकाचा आहे. खऱ्या वाघाला माणसाच्या आवडीने शापलं.

सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ ची. तिथून पुढे प्रेमकथा आणि कल्पनाकथा यांचा जो संकर बाजारात आला, त्याने पुस्तकांची दुकानं भरून गेली. नायिका लांडगा मारते आणि भरपाई म्हणून रूप बदलणाऱ्या सरदाराच्या घरी जाते. म्हणजे पाया बोमाँबाईंचाच. फरक एवढाच, की या नायिकेला नाही म्हणून निघून जाता येतं, आणि पुढच्या भागात ती खरंच निघून जाते. एवढ्यासाठी मी या पुस्तकांना हलकं म्हणणार नाही. पावणेतीन शतकं सुंदरीला ती मुभा नव्हती. हिंदी सिनेमाने १९९२ च्या ‘जुनून’मध्ये पौर्णिमेला वाघ होणारा नायक आणला आणि १९८६ च्या ‘नगीना’मध्ये श्रीदेवीची नागीण. वाघ झालेला पुरुष शोकांतिकेकडे जातो आणि नागीण झालेली बाई घर राखते. गारुड्याच्या पुंगीपुढे हलणारी ती सून ‘नागीण’ मालिकांतून पुढे वर्षानुवर्षं घरोघरी पोहोचली.

मला सर्वांत धीट वाटतात त्या दोन कलाकृती वेगळ्या आहेत. अँजेला कार्टरने १९७९ च्या कथासंग्रहात ‘सुंदरी आणि पशू’ दोनदा लिहिली. पहिल्या कथेत पशू माणूस होतो. दुसऱ्या कथेत बाप पत्त्यांच्या डावात मुलगी हरतो, जिंकणारा मुखवट्याआड दडलेला वाघ असतो. तिथे वाघाचा माणूस होत नाही. तो तिला चाटतो तशी तिची कातडी गळून खाली सुंदर केस उगवतात आणि तीच वाघीण होते.

आणि गिरीश कर्नाडांचं १९७१ चं ‘हयवदन’. विजया मेहतांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे हे नाटक आपलंच वाटतं. त्यातली राजकन्या स्वयंवरात राजपुत्राला डावलून त्याच्या पांढऱ्या घोड्याच्या गळ्यात पडते. पंधरा वर्षं ती घोड्याशी संसार करते. एका सकाळी घोड्याच्या जागी देखणा गंधर्व उभा असतो. त्याचा शाप संपलेला असतो आणि तो तिला स्वर्गात चल म्हणतो. ती म्हणते, पुन्हा घोडा होणार असशील तर येते. तो चिडून तिलाच घोडी होण्याचा शाप देतो आणि ती आनंदाने दौडत निघून जाते.

मागे उरतो मुलगा, माणसाचं अंग आणि घोड्याचं तोंड घेऊन. जुन्या गोष्टी लग्नापाशी किंवा ताटातुटीपाशी थांबतात, झालेल्या मुलांकडे सहसा वळून पाहत नाहीत. जांबवतीच्या सांबाला शेवटी गरोदर बाईचं सोंग देऊन ऋषींची थट्टा करायला नेतात, ऋषींच्या शापाने त्याच्या पोटी मुसळ येतं आणि त्या मुसळाने यादवांचा नाश होतो. कर्नाड मात्र नाटकाच्या दोन्ही टोकांना या मुलालाच उभं करतात. पूर्ण माणूस व्हायचं म्हणून तो कालीकडे जातो आणि देवी त्याला पूर्ण घोडा करून टाकते. तरी आवाज माणसाचाच राहतो. तो घालवायला तो राष्ट्रगीत म्हणत हिंडतो. अखेर वर्षानुवर्षं न बोललेलं, न हसलेलं एक पोरगं त्याला पाहून खळखळून हसतं, आणि त्याच्यासोबत हसता हसता हयवदनाच्या गळ्यातून पहिल्यांदा खिंकाळी फुटते.